देवचाराच्या चढणीवरची थरथर

२४ ऑगस्ट, रविवार

गाडी आज पुन्हा देवचाराच्या चढणीवर थरथरली. तिसरा गियर, चढण सुरू होते तिथेच, वळणाच्या जरा अलीकडे. स्टिअरिंगपासून सीटपर्यंत. समोरचा पिवळा दिवा लुकलुकला. वर सपाटीला आल्यावर गप्प.

सासूबाई शेजारी होत्या. हात जोडले. त्यांचा मुलगा, माझा प्र., तिथे नेहमी एक हॉर्न द्यायचा, देवचाराला, त्या वाटेच्या राखणदाराला, सांगून पुढे जायचं म्हणून. मी देत नाही.

"बघलंस? हॉर्न मागता," आई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, घर दिसायला लागल्यावर, "देवचार नाय तो. आपलोच आसा."

आपलोच म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. प्र. जाऊन दोन महिने होत आले.

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. वर्षाच्या आत म्हणून आमच्याकडे गणपती नाही, माटोळी नाही. फळं टांगायचे छताचे हूक रिकामे. शेजारणीने नेवऱ्या आणून दिल्या, उंबऱ्याबाहेरूनच. चारी बाजूंनी आरत्या. आई देवघराचं दार लोटून घेऊन बसल्या.

दुपारी दादा, माझे थोरले दीर, म्हापशाहून आले. प्र.ला अग्नी त्यांनीच दिला, आम्हाला मूलबाळ नाही म्हणून. तेव्हापासून या घरात शिरताना थोरल्या भावाचा पाय पूर्वीपेक्षा जड पडतो.

"संध्या, माका सांगूक बरां दिसना, पण लोक बोलतत. घोव मेल्लो, तेची गाडी घेवन ही रोज डिचोलीक जाता म्हणून."

"शाळेचं ऑफिस डिचोलीत आहे."

"बस आसा मां."

बस आहे. आधी म्हापसा, मग तिथून उलटं डिचोली. शाळेची घंटा माझ्यासाठी थांबत नाही. कारकुनासाठी कोणीच थांबत नाही.

आईंनी त्यांना थरथरीबद्दल सांगितलेलं होतंच. तिघेही अंगणात गेलो. दादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने ढोसलं. तुळशीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. बॉनेट कोणी उघडलं नाही.

"तेचो जीव अडाकलोहा हेच्यात," आई म्हणाल्या.

"देवाक विचारूया," दादा म्हणाले.

१ सप्टेंबर, सोमवार

कौल लावला. मी सभामंडपात खांबाशी उभी. पुजाऱ्याने पाकळ्या भिजवून देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना लावल्या. दादा मोठ्याने बोलले, म्हणून मला खांबाशीही ऐकू आलं:

"प्रकाशाचो जीव ह्या गाडयेत अडाकलो आसा, तर ती गाडी घराभायर काढूची काय, तां सांग देवा."

उजवी पडली, म्हणजे होय. पटकन. आईंनी डोळे पुसले.

प्रश्न दोन होते. पाकळी एक पडली. जीव आत आहे का, हे कोणी विचारलंच नाही. ते धरूनच चालले.

परतताना दादांनी सांगितलं, दसऱ्याच्या आत गाडी गेली पाहिजे. मोरजीचा एक जण ओळखीचा आहे. किनाऱ्यावरच्या पर्यटकांना गाड्या भाड्याने देतो. म्हणजे प्र.च्या सीटवर वाळूच्या ओल्या चड्ड्या.

"तुझ्या मनात काय आसल्यार सांग हां," दादा म्हणाले. मी मागच्या सीटवर होते. 

३ सप्टेंबर

कायदा माझ्या बाजूने आहे. गोव्यात अर्धं बायकोचं असतं, हे शाळेच्या शिपायालाही माहीत आहे. माझं तोंड माझ्या बाजूने नाही. प्र. म्हणायचा, तुझ्यापेक्षा गाडी जास्त बोलते.

कायद्याने दादांना गप्प करता येईल. आईंचं काय. त्यांच्या लेखी मी त्यांच्या मुलाला अडकवून ठेवलंय, रोज चावी फिरवून.

६ सप्टेंबर, शनिवार

डॅशबोर्डचा खण साफ केला. मोरजीकराला घाण नको. आत चार नवे स्पार्क प्लग, डब्यांसकट. मे महिन्यात आणलेले. तेव्हाच प्र.ने इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढून प्लगांवरच्या, ठिणगी देणाऱ्या कॉइली बघितल्या होत्या. "दुसऱ्या कॉइलीचां वयलां रबर फुटलांहा. पावसात थोडी सवड गावली काय चारय प्लग बदलतंय." झाकण मग परत लावलंच नाही. पुन्हा काढायचंच आहे तर कशाला लावा, ही त्याची नेहमीची रीत. घरातल्या निम्म्या पंख्यांना झाकणं नाहीत.

मग जून आला. प्र. न्हाणीघरातून बाहेर आला, पंचा खांद्यावर, बलकांवात, पुढच्या पडवीतल्या सोप्यावर बसला, तो बसलाच.

झाकण अजून कोठीत नारळांवर पडलंय.

थरथर म्हणजे एक सिलिंडर ठिणगी चुकवतोय. एवढं मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. खाणीच्या वर्कशॉपमधल्या माणसाशी संसार केलाय. तरी आईंना म्हटलं नाही. त्या वळणावर हॉर्नच्या जागी काहीतरी व्हावं, असं मलाही वाटायचं बहुतेक.

आता मोरजीकर येणार म्हटल्यावर वाटत नाही. गाडी नीट चालली तर कौलाला काय उरतं, बघू.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी, इंजिन थंड असताना. रात्रभर उभी होती तरी हात ठेवून बघितला. गरम इंजिनातून प्लग काढला की आतले आटे जातात. हे प्र.ला टॉर्च धरून शिकले. लग्न झाल्यापासून टॉर्च माझ्याकडे. पाना कधी नाही. "सरळ धर गो. माझ्या तोंडार कित्याक मारतंस? मी खंय पळान जातंय?"

गेला.

बॅटरीचं काळं टोक आधी सोडवलं, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग सायकलचा पंप घेऊन कॉइलींभोवतालची धूळ उडवली. ती खाली पडली की थेट इंजिनात. खडूने प्रत्येक कॉइलवर आकडा. एका वेळी एकच काढायची, लावायची, मग पुढची.

पहिली. सॉकेटची खिटी मागे, जीभ दाबायची, आणि सॉकेट धरून ओढायचं. वायर धरून नाही. प्लास्टिक जुनं झालेलं, भीती वाटली. टक. निघालं. मग दहाच्या पान्याने बोल्ट. मग कॉइल मुठीत धरून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, आणि सरळ वर. प्र. तिला म्हणायचा, "ये गो बाय, ये." मी न बोलता काढली. आली.

खालचा प्लग कोरडा, बिस्किटाच्या रंगाचा, टोक झिजलेलं. नवा आधी रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून बोटांनीच फिरवला. आटे आपणहून धरले पाहिजेत. अडला तर मागे घ्यायचा, जोर नाही. शेवटी पान्याने टेकवून थोडा दाब. कॉइल परत, बोल्ट, सॉकेट. टक.

हात काळे झाले. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला. इतकी वर्षं काय कठीण होतं माझ्या हातात पाना द्यायला?

दुसरी निघेना. इकडे तिकडे फिरते, वर येत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावीशी वाटली. पण असं करून कॉइल मोडून आणलेल्या माणसाला प्र. अंगणात काय बोलला होता ते आठवलं: "रे, सोड्याचां बूच वाटलां काय तुका?" सोडली. बोल्ट परत लावला.

आई बलकांवात तांदूळ निवडत होत्या. सगळा वेळ नजर इकडे.

"घरात कामां नाय काय तुका?"

"आहेत."

"मगे? देवान सांगल्यार ती जावक होयी. तू तेका आनीक कित्याक अडकयतंस?"

 माझ्या न बोलण्याचं त्या नेहमी जे समजतात तेच समजल्या.

१५ सप्टेंबर, सोमवार

गाडी अर्धवट सोडलेली, म्हणून बस. उभ्याने म्हापसा, उभ्याने डिचोली. शाळेत दोघींनी विचारलं, "गाडी विकली?" एकीने नुसतं "बरं केलंस" म्हटलं, उत्तराची वाट न बघता.

आठवडाभर हेच. लिहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

दुसरी आली.

कॉइलच्या खाली, रबराच्या कडेने, सिलिकॉन स्प्रे मारून सकाळचं सगळं आवरलं. मग परत गेले. डावी, उजवी. डावी, उजवी. इकडे तिकडे बघितलं, आई आत होत्या. म्हटलं, "ये गो बाय, ये." एकदम वर आली. रबर फाटलं, अर्धं खालीच राहिलं. ते लांब चोचीच्या पकडीने काढलं. आतली स्प्रिंग तांबेरलेली.

टॉर्च मारला. प्लगच्या खड्ड्यात पाणी.

पावसाचं म्हटलं आधी. पण गाडी छपराखाली असते. आणि पाणी पिवळं. कडेला पिवळट मिठासारखा थर. काठीला फडकं गुंडाळून टिपत गेले. प्लग काढायच्या आधी सगळं टिपायचं, नाहीतर ते सरळ सिलिंडरात उतरतं. तिसऱ्या वेळी फडक्याला काहीतरी चिकटून आलं. अंगठ्याने पसरलं.

तुळशीचं पान. काळं पडलेलं, पण शिरा शाबूत.

वास घेतला. गोमूत्र, हळद. बाराव्याचा वास.

मी तिथेच चाकाला टेकून बसले. बाराव्याला भटजींनी तांब्यात शुद्धीचं पाणी करून दिलं होतं. दादांनी आंब्याच्या डहाळीने घरभर शिंपडलं, विहिरीवर, गोठ्यात. शिंपडतात. ओतत नाहीत. शिंपडलेलं एवढं खाली उतरणार नाही. इथे कोणीतरी ओतलंय, आणि झाकण कोठीत, रबर फुटकं, म्हणून ते थेट खाली गेलंय.

पंपाने कोरडं केलं. प्लग काढला. गंजलेला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ. ठिणगी त्या रेघेने पळत होती. चढणीवर जोर लागला की जिथे पडायला हवी तिथे न पडता बाहेरच्या बाहेर. एवढंच होतं.

एवढंच होतं. आपण त्याला घरातून शुद्ध करून काढलं त्या पाण्याने गाडी थरथरत होती, आणि त्या थरथरीसाठी देवाला कौल लावला.

नवा प्लग बसवला. कॉइल नवी लागेल. तोवर खड्डा स्वच्छ फडक्याने झाकला. पान टाकवेना. नव्या प्लगच्या रिकाम्या डबीत ठेवलं.

दादांना आत्ता फोन करावा असं वाटलं. नंबर काढलासुद्धा. मग वाटलं, आधी कळू दे, ओतलं कोणी. दादांनी ओतलं असेल तर समोरासमोरच सांगेन. त्यांचा चेहरा बघायचाय मला.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्रीची अवस. "आज लोखंडाक हात लावू नको," आई म्हणाल्या. नाही लावला. त्यांच्याजवळ बसले. त्या नारळाच्या झावळीचे हीर काढत होत्या, केरसुणीसाठी.

"आई, बाराव्याचं पाणी गाडीवर कोणी घातलं?"

"मिया."

लगेच. कोणीतरी विचारावं म्हणून इतके दिवस थांबल्यासारखं.

"तुम्ही?"

"मगे कोण? सगळ्यांनी घर शिंपलां, बांय शिंपली, गोठो शिंपलो. तेची जागा कोण शिंपता? घरात बसलेलो तो कधी? सदांच त्या डब्यात टकली घालून. शाळेत जाय तेवासून कोणाची ना कोणाची गाडी." हीर काढणारा हात थांबला. "बॉनेट माका उघडूक येता. तो उघडी तसां उघडलंय. उरल्लां पाणी थंय ओतलंय. तांब्यो पालथो केलंय. म्हटलां, तुझ्या जाग्यार पावां दी रे बाबा."

चेहरा उजळलेला. जूननंतर प्रथमच.

"तेका पावलां आसतलां, नाय गो?"

मी "हो" म्हटलं.

उठून चहा ठेवला. दादांच्या तोंडावर मारायला एवढी धारदार गोष्ट हातात आली, आणि तिचं दुसरं टोक या म्हातारीच्या छातीला.

मला चीड आली आहे आणि कोणावर काढावी ते कळत नाही. झाकण न लावणाऱ्यावर?

२२ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर डिचोलीत कॉइल घेतली.

दुकानदार: "गाडी कोण बघता?"

"मी."

"न्हय, मेकॅनिक कोण?"

"मीच."

त्याने डबा उघडून माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला दाखवला, हीच ना म्हणून. तो स्कूटरचा बल्ब न्यायला आला होता. त्याने मान हलवली, हीच म्हणून. मग मला मिळाली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रजा टाकली. नव्या कॉइलच्या रबराला आतून ग्रीस लावलं, बोटाने, पातळ. म्हणजे पुढच्या वेळी निघताना रडवणार नाही. सरळ खाली दाबली, तळाशी बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट. सॉकेट. टक.

तिसरी, चौथी सहज निघाल्या. कोरड्या. चारही झाल्यावर पकडी, पाने, फडकी मोजून घेतली, आत काही राहिलं नाही ना. बॅटरीचं टोक. आणि कोठीतून झाकण आणून, पुसून, बसवलं. मेपासून त्याने परत न बसवलेलं.

चावी फिरवली. पहिल्या झटक्यात. एकसारखा आवाज.

एकटीच चढणीवर गेले. तिसरा गियर. काही नाही. वरून फिरून खाली आले, पुन्हा चढले. काही नाही. चढण नुसती चढण.

थरथर मीच घालवली, माझ्या हातांनी, आणि गाडी हवी होती म्हणून घालवली. तरी वर गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. कोणी नव्हतं. एक हॉर्न दिला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आईंना बी.पी. तपासायला पेडण्याला न्यायचं होतं. मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, गाडीच सांगेल. सपाट रस्त्यावर त्या बोलत होत्या, देवळातल्या नवरात्राच्या मखराबद्दल, यंदा उत्सवाला जाता येत नाही म्हणून. चढण जवळ आली तशा गप्प झाल्या. पदर सावरला. हात जोडून तयार.

गाडी चढली.

वळण गेलं. त्यांचे हात तसेच जोडलेले. सपाटी लागली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं म्हणतील, बरी झाली गो.

"गेलो," आई म्हणाल्या.

हळूच. कोणीतरी बसमधून उतरून गेल्यावर म्हणतात तसं.

पेडण्याला पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का. "लागता," म्हणाल्या. बी.पी. वाढलेलं निघालं. येताना त्या मागे बसल्या. मीही आरशात बघितलं नाही.

याचा विचार मी केला नव्हता. गाडी जावी म्हणत होत्या ना? जीव सुटावा म्हणत होत्या. मग सुटला तर असं का. पण त्या चढणीवर दर वेळी त्यांना मुलगा भेटत होता. अडकलेला का होईना. आणि मी तिथे नवा प्लग घातला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पाव घेऊन पोदेर आला तेव्हा आई गाडीजवळ उभ्या होत्या, बॉनेटवर तळहात ठेवून. उंडे मीच घेतले.

"थंड आसा," म्हणाल्या.

"सकाळची थंडच असते."

"आता दिली तरी चालता. नुसतां लोखंड."

दुपारी जेवल्या नाहीत. पेज केली, तीही तशीच.

सांगून टाकू का? आई, तो कधी आत नव्हताच, म्हणून गेला पण नाही. ते पाणी होतं. तुम्ही ओतलेलं. हे सांत्वन झालं की काय झालं? एकदा मुलगा गेला, एकदा गाडीतून गेला, आता मी सांगायचं की तिथे तो नव्हताच, आणि बिघाड तुमच्या हातचा. ज्या एका गोष्टीचा त्यांना या तीन महिन्यांत आनंद आहे तीच.

नाही सांगितलं तर गाडी जाते.

२७ सप्टेंबर, शनिवार

दादांचा फोन. आईंकडून कळलेलं.

"बरी जाली म्हणतत गाडी! बघलंस? कौलाचो गुण. जीव सुटलो. आता मोरजीकारय खूश. उद्यां धा वाजता तेका घेवन येतंय."

"दादा, प्लग."

"काय?"

"प्लग बदलले. मी."

"हय? कोणाकडसून करून घेतलंस?"

"मीच बदलले. कॉइल काढून."

दादा मग हसले. "बरां केलंस. बऱ्या स्थितीत दिल्ली म्हणजे आपल्याकय बोल नाय."

थरथरत होती म्हणून द्यायची होती. आता नीट चालते म्हणून द्यायची.

"दादा, मला गाडी द्यायची नाही," असं वाक्य आहे. लहान आहे. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात तीनदा म्हणून बघितलं. येतं.

२८ सप्टेंबर, रविवार

लवकर उठले. गाडी पुसली नाही. चावी माझ्या पर्समध्ये. तुळशीच्या पानाची डबीही तिथेच.

ठरवलं होतं की दादांना अंगणातच सांगायचं, मोरजीकरासमोर. फक्त एवढंच, गाडी द्यायची नाही. कारण विचारलं तर ऑफिस. पाण्याचं, पानाचं काही नाही. ते माझ्याजवळ राहील. देवाच्या कौलाला नाही म्हणणारी सून, हे माझ्या नावावर लागेल. लागू दे. आईंच्या नावावर काही नको.

असं ठरवून चहा पीत होते.

आईंची आंघोळ झाली आहे. केस बांधून, धुतलेलं लुगडं नेसून आल्या. कालपरवापेक्षा चेहरा बरा. विहिरीवर गेल्या, तुळशीपाशी थांबल्या. आता अंगणात गाडीपुढे उभ्या आहेत. हातात तांब्या. जनेलाच्या गजांतून दिसतंय, वर पानं तरंगताहेत.

"संध्या! भायर ये गो. दुसऱ्याच्या दारात जाता, शुद्ध करून धाडूया. एकदां घातल्लां तेका पावलां, आनीक एकदां घालतंय."

"येते," म्हटलं. आणि हे लिहायला बसले.

बॉनेट त्यांनी स्वतःच उघडलंय. काठी लावली. आत वाकून बघताहेत.

"आनी ह्यां काळां झाकण कित्याक लायलंस गो? ह्यां काढ. तेची जागा हेच्या खाल आसा."

फाटकाशी दादांचा आवाज. आणखी एक माणूस आहे बरोबर.

आई तांब्या सावरून माझी वाट बघताहेत. डबी हातात घेतली आहे. झाकण काढायचं की ही उघडायची, ते पायरी उतरेपर्यंत ठरवायचंय.